प्रवर्तकांचा हिस्सा घटला, भाचा म्हणतो थांब. मी काय करू?

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई 62 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. पेन्शन चालू आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी 2014 मध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे 600 शेअर 200 रुपये भावाने घेतले होते. 2017 मध्ये एकास एक बोनस मिळाला. आज ताईंच्या डीमॅट खात्यात 1,200 शेअर आहेत. भाव 2,600 च्या आसपास, म्हणजे 31 लाखांच्या वर. घरातली सगळी बचत मिळून 64 लाख. गेल्या वर्षभरात त्या कंपनीत प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी काढणाऱ्या मालक घराण्याचा, हिस्सा 61 टक्क्यांवरून 52 वर आला आणि परदेशी संस्थांचा 4 वरून 9 वर गेला. दीर म्हणतात, ‘मालकच विकतोय, तुम्ही कशाला बसलाय? मोकळ्या व्हा.’ मुलगा म्हणतो, ‘परदेशी फंड शिरलेत, म्हणजे आता खरी तेजी येणार. अमळनेरच्या लोकांनी विप्रो धरून ठेवला तसं धर.’ त्यात बहिणीचा मुलगा त्याच कंपनीच्या फायनान्स विभागात आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला : ‘मावशी, निकालाआधी विकू नकोस. जमलं तर आणखी घे. काहीतरी मोठं येतंय.’ ताई विचारतात, कोणाचं ऐकू? आणि यजमानांनी एवढ्या विश्वासाने घेतलेले शेअर विकले तर मनाला लागणार नाही का?

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही जून 2024 आणि जून 2025 चे भागधारणेचे तक्ते, म्हणजे कंपनीचे शेअर कोणाकडे किती ते दाखवणारे कागद, छापून पाठवलेत, त्यांवर लाल शाईच्या खुणाही केल्यात. वर्षानुवर्षं निकालपत्रकं तपासलेला हात लगेच ओळखू येतो. त्या तक्त्यांकडे मी सविस्तर येणार आहे. पण आधी भाच्याच्या फोनचं बोलू, कारण ते लांबणीवर टाकून चालणार नाही.

त्याने मायेपोटी सांगितलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे 2015 चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम माया पाहत नाहीत. ‘आतला माणूस’ म्हणजे फक्त संचालक आणि बडे अधिकारी, असा आपला समज असतो. नियम तसं म्हणत नाही. भावावर परिणाम होईल अशी, अजून जाहीर न झालेली माहिती ज्याच्यापाशी आहे तो प्रत्येक जण आतला. भाच्याला खरोखर अशी काही माहिती असेल, तर त्या फोननंतर तुम्हीही आतल्या झालात. तिच्या जोरावर शेअर घेतले किंवा विकले, तर दंड किमान 10 लाख रुपये. तो 25 कोटी किंवा मिळालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. फौजदारी खटला झाला तर दहा वर्षांपर्यंत कैद.

आणि भाच्याचं काय? त्याने स्वतः एकही शेअर घेतला नसला, तरी नुसतं सांगणं हाही गुन्हाच आहे. रजत गुप्ता हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते गोल्डमन सॅक्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेचे संचालक होते. सप्टेंबर 2008 मध्ये तिच्या संचालक मंडळाची फोनवर बैठक झाली. वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे कंपनी गोल्डमनमध्ये 5 अब्ज डॉलर घालणार, हे तिथे ठरलं. बैठक संपल्यावर मिनिटाभरात गुप्तांनी एका फंडाच्या मालकाला, राज राजरत्नम यांना फोन केला. त्या खबरेवर गुप्तांनी स्वतः शेअर घेतले नव्हते. तरी 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, दोन वर्षांची कैद आणि 50 लाख डॉलरचा दंड झाला. एवढ्या उंचीवरच्या माणसाची आयुष्यभराची पुण्याई एका फोनने गेली. तुमचा भाचा तिशीतला आहे, त्याची सगळी नोकरी पुढे आहे.

तेव्हा त्याला प्रत्यक्ष भेटीत, शांतपणे एवढंच सांगा : ‘बाळा, कंपनीतलं काही मला यापुढे सांगू नकोस. चांगलं नाही, वाईटही नाही.’ काय येतंय ते विचारू नका. फोनवर, व्हॉट्सअॅपवर तर विषयच नको. त्याच्या कंपनीत 30 सप्टेंबरला तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत आतल्या कर्मचाऱ्यांना शेअर घ्यायला-विकायला बंदी असते, हे त्याला माहीत असणारच. तुम्हीही तेवढा काळ हातच लावू नका.

इथे एक पेच आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवत नाही. निकालापर्यंत थांबा, असं मीही म्हणते आणि तोही म्हणतो. वरवर पाहता तुम्ही त्याचंच ऐकल्यासारखं होईल. पण तो भाव वाढेल म्हणून थांबायला सांगतोय आणि मी तुमचे हात मोकळे राहावेत म्हणून. मधल्या काळात भाव पडला तर ते नुकसान सोसावं लागेल, याची मनाची तयारी ठेवा. ‘आणखी घे’ हे मात्र मनातूनही काढून टाका.

आता तक्ते.

दिरांचं आणि मुलाचं भांडण एकाच कागदावरून चाललंय, आणि दोघांनीही त्यावरची फक्त टक्केवारी वाचलीय. टक्केवारी हा भागाकार आहे. वरचा आकडा कमी झाला तरी उत्तर घटतं, खालचा वाढला तरी घटतं. म्हणून प्रवर्तकांचा हिस्सा घटला असं दिसलं, की टक्क्यांच्या शेजारचा शेअरच्या संख्येचा रकाना पाहायचा. तुमच्या पहिल्या तक्त्यात कंपनीचे एकूण शेअर 5 कोटी, त्यांतले प्रवर्तकांचे 3 कोटी 5 लाख. म्हणजे 61 टक्के. दुसऱ्या तक्त्यात एकूण शेअर साडेपाच कोटी झालेत, प्रवर्तकांचे 2 कोटी 86 लाख. म्हणजे 52 टक्के.

यातून काय निघतं? मधल्या काळात कंपनीने 50 लाख नवे शेअर काढले. प्रवर्तकांनी एकही शेअर विकला नसता, तरी त्या नव्या शेअरमुळेच त्यांचा हिस्सा 61 वरून साधारण साडेपंचावन्नवर आला असता. नऊ टक्क्यांतली साडेपाचच्या आसपासची घट अशी आपोआप झालेली आहे. उरलेली साडेतीन टक्क्यांची घट ही खरी विक्री, 19 लाख शेअरची. ‘मालक विकतोय’ हे दिरांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यांना वाटतं त्याच्या निम्म्याहून कमीच खरं आहे.

त्याच तक्त्यात खाली प्रवर्तकांची नावनिशीवार यादी असते. ती सहसा कोणी उघडत नाही. तुमच्या कागदावर तिथे नऊ नावं आहेत : भाऊ, त्यांच्या बायका, एक हिंदू अविभक्त कुटुंब, एक घरची खासगी कंपनी. आठ नावांपुढचे आकडे जसेच्या तसे आहेत. सगळे 19 लाख शेअर एकाच नावावरून गेलेत. विकण्याला कारणं हजार असतात. वाटणी, मुलीचं लग्न, परदेशातलं घर, नवा धंदा, नाहीतर खरोखरच विश्वास उडणं. नुसत्या तक्त्यावरून कारण कळत नाही आणि मीही ते कल्पनेने सांगणार नाही. पण नऊ जणांपैकी एकाने विकणं आणि नऊच्या नऊ जणांनी थोडंथोडं विकत सुटणं, यांत फार फरक आहे. दुसरं दिसलं असतं तर मी दिरांच्या बाजूने उभी राहिले असते.

मला खटकलं ते वेगळंच, आणि त्यावर तुमची लाल खूण नाही. शेवटून दुसऱ्या रकान्यात, गहाण शेअर. प्रवर्तकांच्या शेअरपैकी 18 टक्के, म्हणजे 51 लाखांच्या वर शेअर गहाण पडलेत, तेही सगळे थोरल्या भावाच्या नावावरचे. वर्षापूर्वी तिथे शून्य होतं.

शेअर गहाण ठेवून कर्ज काढणं बेकायदा नाही, चांगली माणसंही काढतात. धोका त्याच्या चालीत आहे. भाव पडला की सावकार म्हणतो, तारण कमी पडतंय, आणखी शेअर आण. ते आणता आले नाहीत तर तो आहेत ते बाजारात विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुन्हा तारण कमी पडतं. सत्यम या आयटी कंपनीत हेच झालं. डिसेंबर 2008 मध्ये राजू कुटुंबाचे गहाण शेअर कर्ज देणाऱ्यांनी विकायला काढले, आणि 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंनी हिशेबातले आकडे खोटे असल्याचं पत्र लिहून कबूल केलं. त्या एका दिवसात भाव तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. तोवर गहाण किती, हे लोकांना कळण्याची सोयच नव्हती. सेबीने त्याच महिन्यात ते जाहीर करणं सक्तीचं केलं. आज तो रकाना तुमच्या हातात आहे, तो त्या वर्षी बुडालेल्या माणसांमुळे आहे.

आमच्या घरातही ती जखम आहे. माझ्या थोरल्या दिरांनी निवृत्तीचे पैसे अशाच एका कंपनीत घातले होते. प्रवर्तकांचा हिस्सा 70 टक्क्यांच्या वर होता. ‘मालकाचाच एवढा जीव अडकलाय, तो बुडू देईल का?’ असं ते म्हणायचे. त्या 70 मधला बहुतेक हिस्सा गहाण होता. गहाण रकाना मी त्यांना दाखवला तेव्हा उशीर झाला होता. ते बराच वेळ त्या एका आकड्यावर बोट ठेवून बसले होते. तेव्हापासून कोणताही तक्ता हाती आला की मी आधी तो रकाना पाहते.

आता मुलाच्या ‘परदेशी फंड शिरलेत’ या आनंदाकडे. 4 टक्के म्हणजे 20 लाख शेअर होते, 9 टक्के म्हणजे साडेएकोणपन्नास लाख. जवळपास 30 लाख शेअर वाढले. ते आले कुठून? कंपनीने जे 50 लाख नवे शेअर काढले, ते क्यूआयपीने काढले, म्हणजे निवडक संस्थांना एकगठ्ठा विकले. त्यात आधीच्या दोन आठवड्यांच्या सरासरी भावावर 5 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. त्या संस्थांना वर्षभर ते शेअर बाहेर खासगीत विकता येत नाहीत, पण शेअर बाजारात दुसऱ्या दिवशीही विकता येतात. म्हणजे तुमच्या कंपनीवर भाळून कोणी बाजारातून भाव वर चढवत खरेदी केली, असं तरी या आकड्यांत दिसत नाही. त्यांना तो माल बोलावून दिला गेला. वाईट आहे का? अजिबात नाही. मोठ्या संस्थांनी हिशेब तपासून पैसे घातले, ही जमेची बाजूच आहे. पण ‘त्यांना काहीतरी माहीत असणार’ हा जो अर्थ मुलगा काढतोय, तो त्या आकड्यांतून निघत नाही.

शिवाय परदेशी संस्था म्हणजे कोणी एक शहाणा माणूस नव्हे. त्यांत सेन्सेक्ससारख्या निर्देशांकावर चालणारे फंडही असतात. कंपनी निर्देशांकात आली की ते घेतात आणि बाहेर गेली की विकतात. कंपनी काय बनवते याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. परदेशात व्याजदर वाढले तर तुमच्या कंपनीचा काही दोष नसताना हे लोक पैसे काढून नेतील. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांत दरमहा येणाऱ्या एसआयपीच्या पैशांमुळे हे अवलंबित्व कमी होत चाललंय. मार्च 2025 च्या तिमाहीत राष्ट्रीय शेअर बाजारातल्या कंपन्यांमध्ये देशी संस्थांचा वाटा परदेशी संस्थांच्या पुढे गेला.

संस्थांबद्दल मला आदर आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. त्या मालकाला जाब विचारू शकतात. 2014 च्या जानेवारीत मारुतीची प्रवर्तक असलेल्या सुझुकीने गुजरातचा कारखाना मारुतीऐवजी स्वतःच्या मालकीचा काढायचं जाहीर केलं, तेव्हा आपल्या फंड कंपन्यांनी एकत्र येऊन पत्रं लिहिली. अटी बदलाव्या लागल्या आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये प्रवर्तक सोडून उरलेल्या भागधारकांच्या मतदानानंतरच तो व्यवहार पुढे गेला. एकट्यादुकट्या भागधारकाला हे जमलं नसतं. अशा व्यवहारांवरच्या ई-मतदानाची सूचना तुम्हालाही ईमेलवर येत असेल. ती कचऱ्यात टाकू नका. 1,200 मतं तुमची आहेत.

एक रकाना राहिला, ‘2 लाखांपर्यंत भांडवल असलेल्या व्यक्ती’. तिथे 38 हजारांवरून 71 हजार झालेत आणि मुलाने त्याला ‘छोटे गुंतवणूकदार वाढले’ म्हणून खूण केलीय. ते 2 लाख दर्शनी मूल्याचे, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीचे आहेत, बाजारभावाचे नाहीत. तुमच्या शेअरचं दर्शनी मूल्य 5 रुपये आहे. म्हणजे 40 हजार शेअरपर्यंतचा माणूस या रकान्यात येतो, आणि आजच्या भावाने ते 10 कोटींच्या वर होतात. त्यामुळे तिथले सगळेच छोटे असं समजू नका. पण डोकी दुपटीच्या आसपास गेली, हे खरं. प्रवर्तक कमी होत असताना सामान्य माणसांची गर्दी वाढणं मला आवडत नाही. येस बँकेचे संस्थापक राणा कपूर यांनी सप्टेंबर 2018 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं, की माझे शेअर मुलींना देईन आणि एकही विकू नका असं सांगेन. 2019 च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या गटाकडे 900 शेअर उरले होते. त्या काळात स्वस्त मिळतोय म्हणून घेणारे सामान्य लोक होते. 2020 च्या मार्चमध्ये बुडू लागलेली बँक वाचवली गेली, पण 100 किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले. तुमची कंपनी तशी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. प्रवर्तकाने तोंडाने काय सांगितलं, यापेक्षा दर तिमाहीला त्याने काय भरून दिलं तेवढंच पाहा, यासाठी सांगितलं.

उलट बाजूही सांगते. प्रवर्तकांचा हिस्सा कमी म्हणजे कंपनी वाईट, असं काही नसतं. आयसीआयसीआय बँक, लार्सन अँड टुब्रो, आयटीसी यांना कोणी प्रवर्तकच नाही. 2023 च्या जुलैमधल्या विलीनीकरणानंतर एचडीएफसी बँकेलाही नाही. तिथे संस्थाच मुख्य मालक. टीसीएसमध्ये टाटा सन्सचा हिस्सा 70 टक्क्यांच्या वर आहे. दोन्ही तऱ्हेच्या कंपन्यांनी लोकांचं भलं केलंय. आकडा किती आहे त्यापेक्षा तो का हलला, याला महत्त्व आहे.

आणि अमळनेर. मुलाने मुद्दाम वर्मावर बोट ठेवलंय. प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, त्याचीच पुढे विप्रो झाली. पण त्या काळात तेलाच्या किती गिरण्या निघाल्या आणि किती बंद पडल्या? त्यांचे कागद पेटीत जपून ठेवणारेही कोणीतरी असतीलच. त्यांच्या गावाचं नाव आपल्याला माहीत नाही. शिवाय अमळनेरच्या माणसाने शेअर घेतला तेव्हा त्याच्या घरी शेती होती, दुकान होतं, नोकरी होती. त्याने निम्मं घर शेअरवर लावलेलं नव्हतं. (विप्रोचा विषय निघालाच आहे तर, तिथे प्रवर्तकांचा हिस्सा आज सुमारे 73 टक्के दिसतो. पण 2019 मध्ये त्यांचे पुत्र अझीम प्रेमजींनी 67 टक्क्यांपर्यंतचा आर्थिक लाभ आपल्या सेवाभावी संस्थेच्या नावे करून टाकलाय. ‘मालकाचा हिस्सा’ या दोन शब्दांत काय काय सामावलेलं असतं, पाहा.)

यावरूनच मी तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येते. मला वाटतं, तुमची झोप त्याच प्रश्नाने गेलीय, बाकीचे आकडे त्याच्या आडोशाला उभे आहेत.

तुम्ही लिहिलंय, ‘यांनी विश्वासाने घेतले, मी विकले तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल.’ ताई, त्यांनी 2014 मध्ये किती घातले होते? 600 शेअर, 200 चा भाव, 1 लाख 20 हजार रुपये. तेव्हा घरात बचत किती होती तेही तुम्ही लिहिलंय, साधारण 20 लाख. म्हणजे त्यांनी या कंपनीवर शंभरातले सहा रुपये लावले. उरलेले 94 रुपये त्यांनी पोस्टात, बँकेत, भविष्य निर्वाह निधीत ठेवले. हा त्यांचा निर्णय होता. आज तुमचे शंभरातले 49 रुपये या एका कंपनीत आहेत. हे त्यांनी ठरवलेलं नाही, तुम्हीही ठरवलेलं नाही, भावाने ठरवलंय. धरून बसण्यात त्यांची इच्छा पाळली जातेय, असं तुम्हाला वाटतंय. मला उलट वाटतं. एवढ्या सांभाळून चालणाऱ्या माणसाने निम्मं घर एका कारखान्याच्या दारात ठेवलं नसतं.

परदेशी फंड, प्रवर्तक, म्युच्युअल फंड यांचे टक्के आपण मोजले. पण त्यांच्या घरात या कंपनीचा वाटा किती, हे मुलाने विचारलं नाही. ज्या म्युच्युअल फंडाचं नाव तुमच्या तक्त्यात एक टक्क्याच्या वर भागधारक म्हणून आलंय, त्याच्या योजनेचं मासिक पत्रक काढून पाहा. अशा योजनेत पन्नास-साठ कंपन्या असतात आणि मधल्या आकाराच्या कंपनीला सहसा शंभरात एखाद-दोन रुपये मिळतात. कंपनी बुडाली तर त्या व्यवस्थापकाचा एक महिना वाईट जाईल. तुमचं म्हातारपण वाईट जाईल. त्याच्या पावलावर पाऊल टाकायचंच असेल, तर ते याही बाबतीत टाकावं.

तर काय करायचं? ही कंपनी चांगली की वाईट, हे मी सांगणार नाही. तो अधिकार सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा, आणि ठरावीक फी घेणारा असा एखादा गाठून एकदा बसाच. प्रमाणाबद्दल मात्र माझं मत आहे. एका कंपनीत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त राहू नये, निवृत्तीनंतर तर नाहीच. निकाल लागून 48 तास उलटले, भाच्याचं जे काही ‘मोठं’ होतं ते जगजाहीर झालं किंवा नुसतीच वावडी निघाली, की मग तीन-चार टप्प्यांत विका. निकाल लागले पण ते ‘मोठं’ अजून गुलदस्त्यातच आहे असं तुमच्या भाच्याच्या वागण्यावरून तुम्हाला वाटलं, तर वकील किंवा सल्लागाराशी बोलल्याशिवाय हलू नका.

कराचं गणित अवघड नाही. सध्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आर्थिक वर्षात पहिले सव्वा लाख माफ, पुढे साडेबारा टक्के. तुमचे शेअर आणि बोनसही 31 जानेवारी 2018 च्या आधीचे, म्हणून खरेदीचा भाव 200 धरायचा नाही. त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव धरता येतो. तुमच्या कागदांत तो 640 आहे. 300 शेअर 2,600 ने विकले तर नफा 5 लाख 88 हजार. सव्वा लाख वजा जाता कर उपकरासह साधारण 60 हजार. काही शेअर मार्चअखेरच्या आधी आणि काही 1 एप्रिलनंतर विकले, तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळेल. कराच्या धास्तीने मात्र अडून बसू नका. 7 लाख 80 हजारांतले 60 हजार गेले, तरी 7 लाख 20 हजार घरात येतात.

जे शेअर ठेवाल, त्यांच्यासाठी वर्षातून चारदा अर्धा तास काढा. तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत नवा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. सप्टेंबरचा 21 ऑक्टोबरपर्यंत येईल. त्यात थोरल्या भावाचा गहाण आकडा 51 लाखांवरून खाली आला का, एवढं आधी पाहा. वाढला असेल तर विक्रीचे टप्पे जवळ आणा. कर्ज कशासाठी काढलं, हे कंपनी सचिवांना ईमेलने विचारायचा भागधारक म्हणून तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तर समजा.

अशी पत्रं मला बरीच येतात, त्यांत पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत आणि आयटीत नोकरी करणाऱ्यांचीही असतात. पगार त्याच कंपनीचा, वर इसॉपमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर योजनेत, मिळालेले शेअरही तिचेच, आणि बचत म्हणून पुन्हा तेच घेतलेले. त्यांनी ताईंच्या 49 रुपयांच्या शेजारी आपला आकडा मांडून पाहावा. भाच्यानेसुद्धा.

आणि ताई, सगळे विकू नका. यजमानांनी शंभरात सहा ठेवले होते ना? आजच्या 64 लाखांचे सहा टक्के म्हणजे 3 लाख 84 हजार, 2,600 च्या भावाने साधारण दीडशे शेअर. तेवढे त्यांच्या नावाचे म्हणून राहू द्या. त्यांवर येणारा लाभांश थोडासाच असेल. त्यातून दरवर्षी तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीच्या वह्या येतील.